कालव्यावरचा एक दिवस आणि माझी लाल फुली



आमच्या लोणी काळभोरच्या मुलांना कालवा चित्रात दाखवावा लागत नाही. खडकवासल्याचं पाणी घेऊन मुठा उजवा कालवा आमच्या शिवारातून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. मागच्या वर्षी चौथीच्या चाचणीत मी विचारलं होतं, 'कालव्याचा उपयोग लिहा.' एका मुलाने लिहिलं, 'होडीने जायला.' मी फुली मारली. नंतर तो वर्गात हात वर करेनासा झाला, पण माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात दादाकडे इंग्लंडला गेले. त्याच्या शेजाऱ्यांची नॅरोबोट आहे. रुंदी जेमतेम ७ फूट, लांबी मात्र ५० फूट! तिच्यातून आम्ही दिवसभर वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर फिरलो. हा कालवा १८१५ मध्ये पूर्ण झाला, तो शेतीसाठी नाही तर मालवाहतुकीसाठी. काठावरच्या वाटेने तेव्हा घोडे बोटी ओढायचे. आता इंजिन आहे, तरी त्या वाटेने चालणारी माणसं आम्हाला मागे टाकत होती!

टार्डेबिगजवळ चढ लागतो. बोट चढ कसा चढणार? तिथे ओळीने ३० लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला अरुंद हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि हँडल फिरवून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की बोट आपोआप वर येते. मग पुढचं दार पाठ लावून ढकलायचं. अशा ३० पायऱ्यांनी आम्ही सुमारे ६७ मीटर चढलो. हात भरून आले. आणि प्रत्येक दाराशी मला ती फुली आठवत होती.

जूनमध्ये त्या मुलाला पाचवीच्या वर्गातून बोलावलं. म्हटलं, "बाळा, तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं."

तो जरा लाजला. मग म्हणाला, "बाई, मग आपल्या कालव्यात का नाही होडी?"

किती दिवसांनी त्याने प्रश्न विचारला होता! मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यांचा कालवा पायऱ्यापायऱ्यांचा, पाणी जवळजवळ उभं. आपला उताराने वाहणारा. आवर्तन सुटलं की धार जोरात असते आणि काठावर पाय ठरत नाही, म्हणून त्यात उतरायचं नाही.

आता फुली मारण्याआधी मी एवढंच विचारते, "असं का लिहिलंस रे?" तुम्हीही विचारून बघा.