गाण्याच्या वाटेने आलेले पुस्तक

पुस्तक कोणत्या वाटेने घरात शिरेल याचा नेम नाही. आमच्या लहानपणी ते चातुर्मासात पोथीच्या रूपाने येई, शाळेच्या पेटीतून येई, नाहीतर वाण्याच्या पुडीच्या कागदातून तुकड्यातुकड्याने येई. साखर डब्यात ओतली की कागद सरळ करून वाचायचा, आणि पुढचे पान कोणाच्या घरी गेले असेल याचा विचार करीत बसायचे. आताच्या मुलांना मोबाइलमधल्या गाण्यातूनही पुस्तक भेटते. आमच्या धाकट्या लेकीला ते तसेच भेटले आणि तिच्यामागोमाग मलाही. पुस्तक जर्मन, गाणे कोरियन आणि ऐकणारी कृष्णाकाठच्या ऊसकऱ्याची पोर, असा तो योग होता.

दक्षिण कोरियात बीटीएस नावाचा सात तरुणांचा गाणारा-नाचणारा संघ आहे. २०१३ च्या जूनमध्ये त्यांचे पहिले गाणे आले. त्यात त्यांनी शाळकरी पोरांनाच विचारले होते की दुसऱ्याने आखलेल्या रस्त्याने निघाला आहात, पण तुमचे स्वतःचे स्वप्न कोणते? आपल्यासारखाच तिथेही परीक्षांचा जाच मोठा, त्यामुळे हा प्रश्न पोरांच्या मनाला लागला. या संघाच्या चाहत्यांना ‘आर्मी’ म्हणतात. “मी आर्मी आहे,” असे लेक एकदा म्हणाली तेव्हा सासूबाईंनी, “कधी भरती झालीस गं?” म्हणून विचारले होते. त्या सातांतला किम तेह्योंग शेतकरी घरातून आलेला आहे, हे नातीने सांगितले तेव्हा त्या काळजीने म्हणाल्या, “मग त्याचं रान कोण बघतं?”

या गाण्यांमागे मोठा व्यापार आहे, हेही खरे. चित्रे, कार्डे, बाहुल्या, काय काय विकायला असते. म्हणून आमच्या घरी नियम ठरलेला होता. ऐकायला मोकळीक, पण विकत घ्यायचे ते आपल्या साठवलेल्या पैशातून. लेकीने तो पाळला, आणि त्या पैशातून तिने विकत घेतले ते पुस्तक.

१० ऑक्टोबर २०१६ रोजी या संघाचा ‘विंग्ज’, म्हणजे ‘पंख’, नावाचा गाण्यांचा संच निघाला. त्याआधी त्यांनी सात छोट्या चित्रफिती काढल्या होत्या. त्यांत संघाचा म्होरक्या किम नामजून एका कादंबरीतले उतारे वाचतो. कादंबरीचे नाव ‘डेमियान’. हर्मान हेसे या जर्मन लेखकाची ही कादंबरी १९१९ साली प्रसिद्ध झाली. मुलाचा तरुण होताना जिवाची कशी ओढाताण होते, ते तिच्यात आहे. आमच्या लेकीने २०२३ साली त्या चित्रफिती पाहिल्या. हा इतक्या गंभीर आवाजात वाचतो आहे तरी काय, याचा तिने छडा लावला आणि भाऊबीजेच्या ओवाळणीतून इंग्रजी प्रत मागवली.

मला इंग्रजी जेमतेम. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत असा पाठ पडला की संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर शेंगा फोडायला बसायच्या. दुपारी तिने इंग्रजीत वाचलेले ती संध्याकाळी मराठीत सांगे.

गोष्ट एमिल सिंक्लेअर नावाच्या दहा वर्षांच्या मुलाची. घर सुखवस्तू, आईवडील देवभीरू, बहिणी गुणी. घरात उजेड, स्वच्छता, प्रार्थना. पण उंबऱ्याबाहेर दुसरेही जग आहे, भांडणांचे, दारूचे, चोऱ्यामाऱ्यांचे, आणि त्याची ओढही वाटते, हे त्या पोराला कळू लागलेले असते. एकदा मोठ्या मुलांत आपली पत राहावी म्हणून तो थाप मारतो की मी एका बागेतून पोतेभर सफरचंदे चोरली. चोरलेले काहीच नसते. पण फ्रान्झ क्रोमर नावाचा शिंप्याचा पोरगा ती थाप धरून बसतो. दोन मार्क आण, नाहीतर बागवाल्याला सांगतो, म्हणतो. मार्क म्हणजे त्यांच्याकडचा तेव्हाचा रुपया. एमिल आपला गल्ला फोडतो, पण तेवढ्याने भागत नाही. मग क्रोमरची शीळ घराबाहेर वाजू लागते. शीळ ऐकली की पोराचा जेवणातला घास तसाच राहतो. तो आजारी पडतो, आई उशाशी बसते, पण तो तिला काही सांगत नाही. क्रोमरचे मागणे वाढतच जाते. एक दिवस तो म्हणतो, तुझ्या बहिणीला घेऊन ये.

इथवर आल्यावर लेकीचा आवाज बसला. तिने पाटी पुढे ओढली आणि खाली मान घालून शेंगा फोडू लागली. मी काही विचारले नाही. तिच्या दाण्यांत टरफले पडू लागली होती, ती मी वेचीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, माझा पण एक क्रोमर आहे.”

ती तेव्हा तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून अकरावी करीत होती. ऑगस्टमध्ये चार मुली न सांगता सिनेमाला गेल्या होत्या. वरच्या वर्गातल्या एका मुलीने त्यांचा फोटो काढला. मग लेकीला एकटीला गाठून, “तुझ्या आबांना पाठवते,” असे ती म्हणू लागली. आधी पन्नास रुपये, मग शंभर. मग तिचे कपडे धुऊन द्यायचे, रात्री जागून तिच्या वह्या उतरवून द्यायच्या. अडीच महिन्यांत अकराशे रुपये गेले होते, आणि ते लेकीच्या नाश्त्याच्या पैशातले होते. पोर वाळली होती ती अभ्यासाने नव्हे.

रात्री जेवताना तिने स्वतःच ह्यांना सांगितले. मी फक्त शेजारी बसले होते. ह्यांनी घास खाली ठेवला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही रागावला असता, आबा.”

“रागावलो असतो की. पण रागावून झाल्यावर तुझं कोण होतं? मीच ना?”

मग लेक रडली आणि ह्यांनी तिला ताक वाढायला सांगितले. सुट्टी संपल्यावर आम्ही दोघे तिच्याबरोबर वसतिगृहात गेलो. रेक्टरबाईंना सगळे सांगितले, आणि त्या मुलीचे नाव चारचौघांत घेऊ नका, एवढी विनंती केली. तीही कोणाची तरी लेक. तिच्यामागे काय कष्ट आहेत, ते आपल्याला कुठे ठाऊक? रेक्टरबाई समजूतदार होत्या. त्यांनी फोटो पुसायला लावला आणि लेकीची खोली बदलून दिली. अकराशे रुपयांचा विषय आम्ही काढला नाही.

गोष्टीतल्या एमिलला सोडवतो तो शाळेत नवीन आलेला, त्याच्याहून थोडा मोठा, एका विधवेचा मुलगा मॅक्स डेमियान. त्याला पोराच्या चेहऱ्यावरची भीती दिसते. तो क्रोमरला कसा गप्प करतो ते लेखकाने उघड केलेले नाही, पण शीळ बंद होते. मग एमिल आईकडे जातो, फोडलेला गल्ला दाखवतो आणि सगळे सांगून टाकतो. तेवढ्याने घर पुन्हा त्याचे होते. हा भाग लेकीने मला दोनदा सांगितला.

हेसेला हे इतके आतले कसे कळले, ते त्याच्या आयुष्याकडे पाहिले की उमगते. तो १८७७ साली जर्मनीतल्या काल्व गावी जन्मला. त्याच्या घराचा आपल्या देशाशीही जुना संबंध होता. आईचे वडील हर्मान गुंडर्ट केरळात तलश्शेरीला मिशनरी होते. त्यांनी केलेला मल्याळम भाषेचा कोश १८७२ साली निघाला. हेसेची आईही १८४२ साली त्याच मुलखात जन्मली. मुलाने पाद्री व्हावे असे घरच्यांना वाटे. पण पाद्री तयार करणाऱ्या विद्यालयातून तो १८९२ साली पळाला. शाळेशी जमेना, घरच्यांशी जमेना. मनोऱ्यावरची घड्याळे बनवणाऱ्या कारखान्यात त्याने वर्षभराहून अधिक काळ कानस चालवली, मग पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी केली. वाया गेलेला म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे अशा त्या पोराला १९४६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘डेमियान’ त्याने १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना लिहिली. आदल्या वर्षी वडील वारलेले, बायको आणि धाकटा मुलगा आजारी, आणि तो स्वतः मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आपले दुःख बोलून हलके करीत होता. पुस्तकावर त्याने आपले नाव घातले नाही, लेखक म्हणून एमिल सिंक्लेअर हेच नाव छापले. युद्धातून परतलेल्या तरुणांना वाटले, हा आपल्याच वयाचा कोणी आहे. नव्या लेखकासाठी ठेवलेले बक्षीसही त्या नावाला मिळाले. लिहिणारा चाळिशी ओलांडलेला, नावाजलेला माणूस निघाला, तेव्हा हेसेने ते परत केले.

पुढची कादंबरी मला जड गेली. तिच्यात देवादिकांची, स्वप्नांची आणि मनाच्या तळाची पुष्कळ चर्चा आहे. पण त्यातले एक चित्र मात्र मी विसरणार नाही. एमिल मोठा होऊन दूरच्या शाळेत जातो, वाईट संगतीला लागतो, दारू पितो, मग आपला आपण सावरतो. तेव्हा तो स्वप्नात पाहिलेल्या एका शिकारी पाखराचे चित्र काढतो. पाखराचे अर्धे अंग अजून पृथ्वीच्या गोलात अडकलेले असते आणि अंड्यातून निघावे तसे ते जोर करून त्यातून बाहेर पडत असते. लेक म्हणाली, गाण्यांच्या त्या ‘पंखां’चा अर्थ तिला इथे लागला.

मला तो आमच्या खुडूक कोंबडीपाशी लागला. भगिनींनो, आपण सगळ्यांनी कोंबड्या बसवल्या आहेत. एकवीस दिवसांचा हिशेब आपल्याला पाठ आहे. पिलाच्या चोचीच्या टोकावर एक बारीक टणक उंचवटा असतो, त्याने ते आतून कवचाला टोचा मारते. पहिली चीर पडली की ते थांबते, कधी कधी जवळजवळ दिवसभर थांबते. नवख्याला वाटते, दमले, अडकले. तो नखाने कवच सोलू लागतो. पण त्या वेळात पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, आणि कवचाच्या आतल्या पातळ पडद्यातले रक्तही अंगात घेत असते. घाईने सोलले तर पडदा रक्ताळतो आणि पिलू दगावते. तिथे ऊब द्यायची आणि वाट पाहायची. मात्र डालग्याला मुंग्या लागल्या, मांजर आले, तर वाट पाहून चालत नाही. तिथे आपणच धावायचे असते.

क्रोमर म्हणजे मुंग्या. तिथे डेमियान लागतो, आई लागते, आबा लागतात, रेक्टरबाई लागतात. पण लेक बारावी झाली, ह्यांच्या मनात तिने औषधनिर्माणाला जावे असे होते, आणि ती म्हणाली की मी भाषा शिकणार, तेव्हा ती कवचाला पडलेली चीर होती. घरात आठ दिवस बोलणे कमी झाले होते. सासूबाईंनी देवाला सांगून पाहिले. शेवटी हे म्हणाले, “तिला तिचं बघू दे. फी मी भरतो.” २०२५ च्या जूनमध्ये तिने बी.ए.ला नाव घातले. त्याच महिन्यात ते सात कोरियन तरुणही देशाच्या सक्तीच्या सेवेतून सुटून मोकळे झाले होते. २०२२ च्या डिसेंबरपासून एकेक करून सगळे गेले होते. “आता खरे आर्मीवाले झाले,” असे सासूबाईंनी जाहीर केले.

आपली मुले काय ऐकतात, ते सगळे आपल्याला आवडेलच असे नाही. कोरियन गाण्याचा ताल मला अजून कळत नाही. पण त्यात काय म्हटले आहे, हे एकदा विचारून पाहावे, आणि विचारताना हातात शेंगा, नाहीतर निवडायची मेथी असावी. समोरासमोर बसून पोर बोलत नाही. हात कामात असले की जीभ मोकळी होते.

लेकीने त्या कादंबरीच्या पहिल्या दोन प्रकरणांची गोष्ट दोनशेपानी वहीत माझ्यासाठी मराठीत उतरवून ठेवली आहे. ती वही हरिपाठाशेजारी फळीवर असते. परवा शेजारचा दहावीतला मुलगा विरजण मागायला आला आणि वही चाळू लागला. त्याला बीटीएस माहीत नाही, हेसेही माहीत नाही.

“काकू, कशाची गोष्ट आहे ही?”

“एक मुलगा आहे. त्याला घरी काहीतरी सांगायचं असतं.”

तो जरा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, “नेऊ का दोन दिवस?”

विरजणाची वाटी एका हातात आणि वही दुसऱ्या हातात घेऊन तो गेला. वही अजून आलेली नाही. मीही मागितलेली नाही.