बाबांचा राहिलेला पर्च

२०२५ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे टोरोंटोला आले. बाबा मालवणचे, दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहत वाढलेले. इथला दुकानातला बर्फातला मासा त्यांना आवडेना. एकदा म्हणाले, "पाण्याच्या काठार बसान ताजो तळलेलो मासो खावक गावात काय रे?" मी लगेच हो म्हटलं.

पोर्ट डोव्हर हे ईरी सरोवराकाठचं मच्छीमारांचं गाव टोरोंटोपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. शनिवारी आई खात नाही, रविवारी गर्दी. म्हणून मी शुक्रवारची रजा टाकली. तारीख होती १३ जून. १९८१ च्या नोव्हेंबरमधल्या अशाच एका शुक्रवारी काही मित्र तिथे मोटारसायकली घेऊन जमले होते. तेव्हापासून १३ तारखेला शुक्रवार आला की मोटारसायकलवाले पोर्ट डोव्हरला लोटतात आणि तो शुक्रवार उन्हाळ्यात आला तर काही हजार वस्तीच्या या गावात लाखाच्या घरात माणसं येतात. हे साऱ्या ऑंटारिओला माहीत आहे. मी बारा वर्षं इथे राहतो, पण तारीख तपासली नाही.

गावाच्या अलीकडेच रांग लागली. पुढे गाड्या शेतातल्या पार्किंगकडे वळवत होते आणि तिथून चालत जायचं होतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते "चल, जाऊया" म्हणाले आणि मी त्यांना चालवलं. अर्ध्या वाटेत ते रस्त्याकडेला बसले, चेहरा घामाने भिजलेला. तिथून परत फिरलो. आई घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

जुलैत एका मंगळवारी पुन्हा गेलो. या वेळी गाव शांत होतं. धक्क्यावरून दीपगृहापर्यंत बाबा सावकाश चालले. वरून पूर्ण झाकलेल्या, डब्यासारख्या मासेमारी बोटी त्यांनी निरखून पाहिल्या. मग म्हणाले, "वास येणा नाय." मी त्यांना समुद्रकिनारी नेतो असं सांगितलं होतं. तळं म्हटलं तर ते येणार नाहीत, अशी मला भीती होती. पाणी गोडं आहे हे तेव्हा कबूल करावं लागलं. ते रागावले नाहीत. गोड्या पाण्यातला मासाही चालेल म्हणाले.

खाणावळीत मात्र मी सगळ्यात महागडा मासा मागवला, हॅलिबट. महाग म्हणजे उत्तम, एवढाच विचार. बाबांनी एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "हो मासो हयचो?" मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं. तिने सरळ सांगितलं की हॅलिबट पॅसिफिकचा, गोठवून येतो. इथल्या तळ्यातला हवा असेल तर यादीत पर्च आहे. पर्च खालच्याच ओळीत होता. पिवळा पर्च, छोटासा. लहान मासा पाहुण्याला काय द्यायचा म्हणून मी तो वगळला होता.

ईरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ, म्हणून उन्हाळ्यात लवकर तापणारं आणि माशांनी सर्वांत समृद्ध. पर्चचे काप छोटे, पांढरे, नाजूक. पिठात घोळवून तळतात. मुडदुशीवर जीव असलेल्या माणसाला दुसरं काय द्यायचं? मालवणच्या लिलावात उभं राहिल्यावर बाबांचा पहिला प्रश्न नेहमी असायचा, "आज काय गावला?" तो प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय. त्या टेबलावर बसल्यावर तो मीच विचारायला हवा होता.

पर्च तेव्हाही मागवता आला असता. पण बाबांनी समोरचं अन्न टाकणं कधी मानलं नाही. ते हॅलिबट शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवत राहिले आणि मी त्यांना थांबवलं नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा जायचं ठरलं, पण माझ्या कामामुळे राहिलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं मालवणला परतले. पर्च बाबांनी अजून खाल्लेला नाही.