४ टक्क्यांची कालवड!

४ टक्के! फक्त ४ टक्के! हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी हे ऐका, कारण कालपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. गाईला कालवड होणार की गोऱ्हा, हे ठरतं वळूच्या शुक्रपेशीवर. एक्स गुणसूत्रवाली पोचली तर कालवड, वायवाली पोचली तर गोऱ्हा. आणि या दोघींमध्ये फरक किती? एक्सवालीत डीएनए जेमतेम ४ टक्क्यांनी जास्त! बस्स, एवढाच! डोकं तसंच, शेपूट तसंच, पोहणंही तसंच. आणि तेवढ्या फरकावरून एक यंत्र बारीकशा वाटेतून धावणाऱ्या जिवंत पेशी एकेक करून वाचतं, आणि मग क्षणात निर्णय घेतं, आणि मग लेसर मारतं, आणि मग जे उरतं ते कांडीत भरून उणे १९६ अंशांना गोठवलं जातं, आणि मग ती कांडी संगमनेर तालुक्यातल्या एका गोठ्यात येते, जिथे मी सहज म्हणून उभी असते!

मी ना पशुवैद्यक, ना शास्त्रज्ञ. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक हातात धरलेलं नाही. पण तुम्ही त्या गोठ्यात असतात तर तुमचंही असंच झालं असतं!

एचएफ जातीची एक कालवड पहिल्यांदाच माजावर आलेली. सकाळपासून सोट टाकत होती. डॉक्टर मोटरसायकलवर कंटेनर बांधून आले. झाकण उघडलं आणि नायट्रोजनची पांढरी वाफ गव्हाणीवर पसरली. चिमट्याने त्यांनी एक कांडी उचलली. प्लास्टिकची, काडीइतकी बारीक, आत मावतं फक्त पाव मिलिलिटर! ती थर्मासमधल्या कोमट पाण्यात बुडवली, ३७ अंशांच्या, अर्धा मिनिट. मग पुसून अगदी कोरडी केली, कारण पाण्याचा थेंबही आतल्या पेशींना चालत नाही. मग टोक कापलं, गनमध्ये घातली, वर शीथ चढवली. आणि घरातल्या आजी बजावत होत्या, “डॉक्टर, सॉर्टेडच हाय ना? पलीकडचीला लागोपाठ गोऱ्हे झाले. हिला कालवडच पाह्यजे बरं का!”

“सॉर्टेडच आहे आजी. शंभरात नव्वद तरी कालवडी.”

मला राहवेना. “डॉक्टर, पण हे सॉर्ट करतं कोण?”

“मशिन करतं ताई. आतले नर लेसरने मारलेले असतात.”

मारलेले! लेसरने! शुक्रपेशी! डॉक्टर पुढच्या गोठ्याकडे निघून गेले आणि मी तिथेच उभी!

तर या, बसा जवळ. मला जसं समजलं तसं सांगते.

गाईच्या पेशीत गुणसूत्रं ६०, शुक्रपेशीत त्याच्या निम्मी, ३०. त्यातली २९ दोन्ही प्रकारांत सारखीच. तिसावं तेवढं एक्स नाही तर वाय. एक्स दांडगं, वाय चिमुकलं. तो ४ टक्क्यांचा फरक इथून येतो. आता डीएनए डोळ्यांना थोडाच दिसतो? म्हणून पेशींना रंग देतात! होएक्स्ट ३३३४२ असं त्या रंगाचं नाव. तो जिवंत पेशीच्या आत शिरतो, डीएनएला चिकटतो, आणि अतिनील लेसर पडला की निळा चमकतो. डीएनए जास्त तर चमक जास्त. म्हणजे कालवडवाली शुक्रपेशी गोऱ्हावालीपेक्षा ४ टक्के उजळ दिसते! खरंच दिसते! कालवड निळ्या उजेडात ओळखता येते, गाय भरायच्या कितीतरी आधी!

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. शुक्रपेशीचं डोकं गोल नसतं, चपटं असतं. लांबी ९-१० मायक्रॉन आणि जाडी जेमतेम १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! सपाट बाजूने पाहिलं तर चमक एक, कडेने पाहिलं तर भलतीच दुसरी, आणि हा फरक ४ टक्क्यांहून कितीतरी मोठा. म्हणजे पेशी जराशी तिरकी आली की सगळं गणित फसलं! कोट्यवधी वळवळणाऱ्या पेशी, आणि प्रत्येकीने लेसरसमोर एकाच अंगाने यायला हवं. कसं करणार सांगा बघू?

पाण्याने! नुसत्या पाण्याने! म्हणजे एका साध्याशा द्रावणाने. हातात मावेल अशी चिप असते, तिच्यात बारीक वाटा कोरलेल्या असतात, आणि एवढ्याशा वाटेत पाणी आपल्या ओळखीचं पाणी राहतच नाही! त्यात भोवरे उठत नाहीत. दोन धारा शेजारी शेजारी वाहतात आणि एकमेकींत मिसळत नाहीत! ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगीत धार सोडून ही शिस्त दाखवून दिली होती, पाणी संथ असलं की धार सरळ आणि वेग वाढला की गोंधळ, आणि या चिपमधल्या वाटा इतक्या अरुंद की गोंधळाला जागाच मिळत नाही. मग मधल्या धारेत पेशी सोडायच्या, आणि मग दोन्ही बाजूंनी द्रावणाच्या धारा आणून मधलीला चेपायचं, आणि मग वरून-खालून चेपायचं, आणि मग ती धार इतकी पातळ होते की चपट्या डोक्याच्या पेशीला सपाट झोपूनच पुढे सरकावं लागतं! शिर्डीच्या दर्शनबारीत गर्दीच्या दिवशी कितीही लोक आले तरी शेवटच्या कठड्यात माणूस एकेकटाच पुढे सरकतो ना, अगदी तसंच. ढकलायला कोणी नाही, हात लावायला कोणी नाही, आणि तरी रांग सरळ!

आणि मग लेसर. पहिला लेसर वाचतो. चमक जास्त? जाऊ द्या. चमक कमी, किंवा पेशी तिरकी आली म्हणून नीट वाचताच आली नाही? पुढे दुसरा लेसर टपलेला असतो, तो तिला तिथल्या तिथे निकामी करतो. सेकंदाला हजारो पेशी!

आता मला सर्वांत जास्त चक्रावून सोडणारी गोष्ट ऐका. या पद्धतीत नर आणि मादी वेगळे केलेच जात नाहीत! सगळ्या पेशी एकाच वाटेने बाहेर पडतात, मेलेल्याही आणि जिवंतही. कांडीत दोन्ही असतात, पण पोहू शकतात त्या बहुतेक कालवडवाल्याच! मी हे वाचलं आणि खुर्चीतून उठून घरभर फिरून आले. निवड करायची तर चाळणी लागते, दोन वाट्या लागतात, अशीच माझी समजूत होती. आणि इथे चाळणीच नाही!

जुनी पद्धत निराळी होती, आणि तिची गोष्टही भन्नाट आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला रिचर्ड स्वीट या अभियंत्याने शाईचे बारीक थेंब विजेने हवे तिकडे वळवण्याची युक्ती काढली होती, कागदावर आलेख काढण्यासाठी. लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलरने १९६५ मध्ये तीच युक्ती उचलली आणि शाईच्या जागी पेशी घातल्या! प्रत्येक थेंबात एक पेशी, हवी असेल तर थेंबाला विजेचा भार द्यायचा, आणि मग दोन पट्ट्यांमधून जाताना तो आपोआप एका बाजूला वळतो. पुढे बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात लॉरेन्स जॉन्सनने होएक्स्ट रंग आणि थेंबांची युक्ती एकत्र जुळवली आणि १९८९ मध्ये ठरवून हव्या त्या लिंगाची पिल्लं जन्माला घातली. कोणाची? सशांची! गाईंची पाळी नंतर आली. आणि या पद्धतीत मेलेल्या पेशी ओळखायला काय वापरतात? खाण्यातला लाल रंग! तो फक्त मेलेल्या पेशीत शिरतो आणि तिची निळी चमक विझवून टाकतो. किती साधं!

चिपवाली पद्धत जीनस एबीएस या कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणली. आणि आपल्याकडे ती कुठे आली माहीत आहे? सांगली जिल्ह्यात भिलवडीकडे, चितळे डेअरीच्या सोबतीने! आपण ज्या चितळ्यांचं दूध आणि श्रीखंड म्हणतो, तेच! पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली बाएफ ही संस्था आहे, तिथेही सॉर्टेड कांड्या तयार होतात. आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या सॉर्टिंग तंत्राचं उद्घाटन झालं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बंगळूरुच्या जीवा सायन्सेसला सोबत घेऊन ते विकसित केलं, नाव गौसॉर्ट. एका कांडीमागे सुमारे २०० रुपये वाचावेत हा उद्देश. मला वाटतं, खरी बातमी ही आहे. चिप कितीही देखणी असली तरी कांडी परवडली नाही तर आमच्या गोठ्यात तिचा काय उपयोग?

कारण नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) कालवड आणि गोऱ्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वी गोऱ्हा मोठा झाला की औताला यायचा. आता शेतात ट्रॅक्टर. त्यात संकरित गोऱ्हा उन्हाला टिकत नाही, औताला चालत नाही. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला, म्हणजे गोऱ्हा पोसायचा किंवा… आणि ते ‘किंवा’ रस्त्याकडेला उपाशी भटकताना आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते बघवत नाही. जो जन्मणार म्हणून कोणाला आनंद नाही तो जीव जन्मालाच न येणं, हे मला या चिपचं सर्वांत मोठं काम वाटतं. आणि ज्या घरी दुधाच्या पगारावर मुलांची फी भरली जाते, तिथे घरची कालवड म्हणजे दोन-अडीच वर्षांत घरची गाय, बाजारातून विकत न आणता!

हुरळून जाऊन अर्धंच सांगायचं नाही मला. नेहमीच्या कांडीत २ कोटींच्या आसपास शुक्रपेशी असतात, सॉर्टेडमध्ये साधारण २० ते ४० लाख. त्यात रंग, लेसर, धावपळ सोसून आलेल्या. त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी पडतं. म्हणून डॉक्टर ती शक्यतो पहिलारू कालवडीला किंवा चांगल्या तब्येतीच्या गाईला, माज अचूक ओळखून भरतात. वारंवार उलटणाऱ्या गाईला ती भरून पैसे घालवू नयेत.

आणि हेही सांगायलाच हवं. माणसांत हे करायला कायद्याने बंदी आहे, गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडही २००३ पासून त्या कायद्यात आली. ती बंदी हवीच. पण गोठ्यात सगळं घर मुलगी व्हावी म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलेलं बघताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

बरं, हे सगळं वळूपुरतंच आहे असं समजू नका! एकदा डोळे उघडले की सगळीकडे हेच! डेंग्यूच्या दिवसांत आपण दवाखान्याबाहेर विचारतो ना, “पेशी किती आहेत?” त्या पेशी मोजतं कोण? तालुक्याच्या लॅबमधलं सीबीसीचं यंत्र! आत एक अतिबारीक छिद्र, त्यातून वीज वाहते, आणि पेशी छिद्रातून गेली की वीज क्षणभर अडखळते. मोठी पेशी, मोठा अडखळा. प्लेटलेट लहान, अडखळा लहान. वॉलेस कुल्टर या अमेरिकनाला याचं पेटंट मिळालं १९५३ मध्ये! दुधातही पेशी असतात! निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरला २ लाखांच्या आत, आणि आकडा त्यावर चढला की कासदाहाची शंका, कधी कधी कास सुजायच्याही आधी. डिलाव्हलचं एक छोटं यंत्र आहे, त्याच्या कॅसेटमध्ये थेंबभर दूध ओढायचं, आतला रंग पेशींच्या केंद्राला चिकटतो, कॅमेरा फोटो काढतो आणि मिनिटाच्या आत आकडा हजर! आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक चिप केली, तिच्यात ७८,००० सूक्ष्म खांब, त्या खांबांवर प्रतिपिंडांचा लेप, आणि मग त्यातून रक्त सोडलं की कॅन्सरच्या पेशी खांबांना चिकटून बसतात! १ मिलिलिटर रक्तात लाल पेशीच ५०० कोटी, आणि त्यात शोधायच्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या!

हे सगळं ऐकवायला मी धाकट्या भावाला फोन लावला. त्याच्याकडे राहुरीला १२ गाई आहेत. लेसर, निळी चमक, दर्शनबारी, सगळं एका दमात सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, कालवड होईल ते ठीक. पण ती दूध किती देईल, हे सांगतं का तुझं मशिन?”

नाही सांगत! पण वाशिमला त्याच दिवशी आणखी एका चिपचं उद्घाटन झालं होतं! गाईंसाठी गौचिप! ही निराळी, हिच्यात पेशी धावत नाहीत, ही जनावराचा डीएनए वाचते आणि पुढे ते कसं निघेल याचा अंदाज लहानपणीच देते. मी त्याला म्हटलं, फोन ठेवू नकोस, अजून म्हशींची महिषचिप राहिलीय!