ऑनिंगला मोटर बसवताना

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची टेरेस थेट पश्चिमेला उघडते. फ्लॅट घेताना ‘सनसेट व्ह्यू’ म्हणून जास्तीचे पैसे मोजले होते. एप्रिल लागला की त्या व्ह्यूचा खरा हिशेब कळायचा. दुपारी दोननंतर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नसे आणि हॉलची काच रात्री जेवायच्या वेळेपर्यंत गरम लागे. जाड पडदे लावून पाहिले, पण काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडदा बाहेर घालवू शकत नाही. ऊन काचेच्या अलीकडे नाही, पलीकडेच अडवावं लागतं. म्हणून टेरेसच्या दारावर ऑनिंग, म्हणजे रोलरवर गुंडाळता येणारं कापडी छत, लावलं. साडेतीन मीटर रुंद, भिंतीपासून दोन मीटर पुढे येणारं, दोन घडीच्या हातांचं.

ते हँडलनं चालायचं. आकडा असलेला लांब दांडा रोलरच्या टोकाच्या कडीत अडकवायचा आणि फिरवत राहायचं. आम्ही दोघं दिवसभर कामावर, दुपारी घरात फक्त माझे सासरे. नानांचा उजवा खांदा धरलेला. दांडा वर धरून फिरवणं त्यांना जमत नसे, आणि ‘राहू दे गं, उन्हानं काय मरत नाही मी’ हे ठरलेलं वाक्य. सकाळी आम्ही ऑनिंग उघडून जावं, तर दुपारी वारा सुटला की ऑफिसात बसून जीव टांगणीला. मिटून जावं, तर ते लावलंच कशाला? शेवटी मोटर बसवायचं ठरलं.

दुकानात पहिला प्रश्न आला, ‘किती न्यूटनची टाकू?’ त्यांच्या बोलण्यात मीटर गळालेलं असतं. एकक आहे न्यूटन-मीटर, म्हणजे रोलर फिरवण्याचा जोर. खिडकीतल्या साध्या रोलर ब्लाइंडला कापडाचं आणि खालच्या पट्टीचं वजन उचलण्याइतका जोर पुरतो. घडीच्या हातांच्या ऑनिंगचं गणित वेगळं असतं. त्या हातांमध्ये ताणलेल्या स्प्रिंगा असतात आणि त्या कापडाला सतत बाहेर ढकलत असतात. उघडताना मोटर काहीच ढकलत नाही, ती फक्त कापड सोडत जाते. मिटताना मात्र दोन्ही स्प्रिंगांच्या विरुद्ध ओढावं लागतं. त्यामुळे रुंदी, पुढे येणारी लांबी आणि हातांची संख्या सांगितल्याशिवाय मोटर घेऊ नये. आमच्या मापाला ४० न्यूटन-मीटरची, मिनिटाला १५ फेरे घेणारी मोटर निघाली. रोलरचा व्यास ७० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर कापडाला नऊएक फेरे. पाऊण मिनिटाच्या आत काम होतं.

ही मोटर दिसते ती लांब नळीसारखी. तिला ट्युब्युलर मोटर म्हणतात, आणि ती रोलरच्या पोकळ पाइपात आतच बसते. बाहेर दिसतं ते फक्त तिचं डोकं आणि वायर. फ्रान्समधल्या आल्प्सच्या पायथ्याशी क्लूज नावाचं गाव आहे. तो भाग पूर्वीपासून घड्याळांसाठी प्रसिद्ध. या धंद्यातली सोम्फी ही नामांकित कंपनी १९६९ साली तिथेच सुरू झाली. मोटरीच्या आत काय चालतं ते पाहिलं तेव्हा या योगायोगाची गंमत वाटली. कारण फेरे मोजून नेमक्या जागी थांबणं हेच या मोटरीचं निम्मं काम आहे.

खरेदीच्या वेळी मी एकाच गोष्टीवर अडून बसले. मोटरीच्या डोक्याला हँडलची कडी असलेलं मॉडेल हवं. दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, रिमोट आल्यावर हँडल कोण फिरवतंय? बिनकडीची स्वस्त पडेल.’ पुण्यात मे महिन्यात राहणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. वळीव यायच्या आधी लाईट जाते, हे इथं पोरांनाही ठाऊक असतं.

बसवायला फिटर आणि त्याचा मदतनीस आले. फिटरनं पहिलं काम केलं ते मला फार आवडलं. मिटलेल्या अवस्थेत दोन्ही हात त्यानं जाड पट्ट्यांनी करकचून बांधले आणि मग मदतनीसाला म्हणाला, ‘आता हात लाव.’ कापडाचा ताण सुटला आणि हात बांधलेले नसले, तर स्प्रिंगांच्या जोरावर ते फाडकन उघडतात. समोर कुणाचा चेहरा असला तर जबडा मोडू शकतो. घरच्या घरी ऑनिंग खोलायला निघालेल्यांनी एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवावं.

मग रोलर खाली उतरवून जुनं हँडलचं गिअर काढलं आणि मोटर पाइपाशेजारी जमिनीवर ठेवली. मोटरीला दोन कडी-चाकं असतात. एक डोक्याजवळ, त्याला क्राउन म्हणतात. दुसरं शेवटच्या टोकाला, ते ड्राइव्ह. ड्राइव्ह पाइपाला फिरवतं आणि क्राउन पाइपाबरोबर फिरून किती फेरे झाले ते मोटरीला कळवतं. क्राउन पाइपात नीट शिरलं नाही, तर मोटर फिरते खरी, पण आपण कुठे आहोत हे तिला कळतच नाही आणि ती थांबायच्या जागी थांबत नाही. फिटरनं क्राउनची खाच पाइपाच्या आतल्या कण्याशी जुळवली आणि लाकडी हातोडीनं हलक्या हातानं पूर्ण आत बसवलं.

पुढचं काम ड्रिलचं. ड्राइव्हचं चाक पाइपाला स्क्रूनं जखडावं लागतं, आणि पाइपात गेलेली मोटर बाहेरून दिसत नाही. चार बोटं अलीकडे भोक पडलं तर ते थेट मोटरीच्या अंगात. म्हणून मोटर आत घालण्याआधीच डोक्यापासून ड्राइव्हच्या मध्यापर्यंत टेपनं मोजून तेवढ्याच अंतरावर पाइपावर पेन्सिलची खूण केली होती. त्या खुणेवरच ड्रिल चाललं.

वायरिंगला आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला. रेडिओ रिसीव्हर आतच असलेल्या मोटरीला तीनच वायरी लागतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. पावसात भिजणाऱ्या टेरेसवर अर्थिंगला सूट नाही. त्यानं वेगळा एमसीबी दिला, आणि घरात आधीपासून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे ना, ते उघडून पाहिलं. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली पोट सोडलं, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथंच ठिबकतं, मोटरीकडे किंवा भिंतीत जात नाही. मोटरीच्या डोक्यातून एक बारीकशी वायर लोंबत होती. मदतनीस ती टेपनं लोखंडी ब्रॅकेटला गुंडाळायला निघाला, तेव्हा फिटरनं त्याला अडवलं. ती अँटेना. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि अँटेना कापली किंवा लोखंडाला गुंडाळली की रिमोट घेऊन मोटरीच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागतं.

आता खरं काम. रिमोटची ओळख करून द्यायला मोटरीचा मेन बंद करून सुरू केला, पुस्तिकेत दिलेल्या क्रमानं बटणं दाबली. पाइप जरासा पुढे, जरासा मागे हलला. ‘ऐकलं’ असं सांगायची तिची ही पद्धत. पण ‘वर’चं बटण दाबलं तर ऑनिंग उघडायला लागलं. मोटर डाव्या टोकाला बसवली की उजव्या, यावर दिशा ठरते. एक बटण धरून ठेवल्यावर ती उलटली.

मग दोन लिमिटं. उघडताना कुठे थांबायचं आणि मिटताना कुठे. उघडतानाचं लिमिट म्हणजे हात पूर्ण पसरले की लगेच थांबायचं. कारण मोटर त्यापुढेही कापड सोडत राहिली, तर हातांची मजल संपलेली असते आणि कापडाला झोळ पडतो. त्यात पावसाचं पाणी साठतं. तरीही मोटर थांबली नाही तर कापड रोलरवर उलटं गुंडाळू लागतं. फिटर बटणावर टकटक करत एकेक बोट कापड सोडत होता, मदतनीस खालून हात लावून ताण बघत होता. झोळ दिसताच त्यानं दोन बोटं मागे घ्यायला लावलं आणि ते लिमिट साठवलं. मिटतानाचं लिमिट त्याहून नाजूक. पुढची पट्टी वरच्या पेटीला नुसती टेकली पाहिजे. फट राहिली तर आत पाणी आणि कबुतरं. घट्ट आवळली तर रोज मिटताना मोटर विनाकारण झगडते, आणि एक दिवस तिचा नाही तर कापडाच्या शिवणीचा निकाल लागतो.

उघड, मीट, पुन्हा उघड, असं चालू असताना मोटर मध्येच गप्प झाली. रिमोट दाबला, काही नाही. मदतनीस म्हणाला, ‘जळाली वाटतं.’ मी पुस्तिका चाळली. या मोटरी सलग साधारण चार मिनिटं चालायच्या हिशेबानं बनवलेल्या असतात. त्यापुढे तापल्या की आतला थर्मल स्विच वीज तोडतो. रोजच्या वापरात ही वेळ येत नाही, बसवतानाच येते. फिटर हसला, ‘चहा होईपर्यंत थंड होईल.’ तसंच झालं. नवी मोटर पहिल्याच दिवशी बंद पडली म्हणून परत पाठवणारे लोक असतात, असंही त्यानं चहा पिता पिता सांगितलं.

पावसाळ्याआधी मिटतानाचं लिमिट एकदा पुन्हा लावावं लागलं. नवं कापड वापरात थोडं ताणतं, रोलरवर जरा वेगळं बसतं. पुढच्या पट्टीत दोन बोटांची फट दिसायला लागली होती. फिटरला फोन न करता मीच पुस्तिका काढून ते लिमिट पुन्हा साठवलं.

नानांनी रिमोट दोन दिवसांत आपलासा केला. एक अडचण होती. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा आणि हा, तिन्ही रिमोट एकाच टीपॉयवर. बातम्यांचा आवाज वाढवताना टेरेसवर सावली पडायची. त्यावर उपाय म्हणजे सोबत आलेला भिंतीवरचा होल्डर, तो दाराशेजारी लावला. शेजाऱ्यांच्या रिमोटनं आमचं ऑनिंग उघडेल का, अशी नानांना शंका होती. तसं होत नाही. रिमोट दरवेळी नवा कोड पाठवतो आणि मोटर फक्त ओळख करून दिलेल्या रिमोटचंच ऐकते.

ऑनिंगला खरी भीती उन्हापावसाची नाही, वाऱ्याची. युरोपातल्या ईएन १३५६१ या मानकात ऑनिंगचे वाऱ्याप्रमाणे वर्ग आहेत. वर्ग २ म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा. हवामान खात्याच्या वळवाच्या इशाऱ्यांमध्ये ताशी ४० ते ५० हा आकडा नेहमीचा. म्हणजे वळीव आला की ऑनिंग मिटलेलंच हवं. आम्ही पुढच्या पट्टीवर वाऱ्याचा सेन्सर लावला. पट्टी ठरावीक जोरात हलली की तो मोटरीला मिटायला सांगतो. साध्या वाऱ्याच्या झुळुकीलाही तो घाबरायचा, म्हणून त्याची संवेदनशीलता कमी केली.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी आभाळ दाटलं, धूळ उडाली आणि अपेक्षेप्रमाणे आधी लाईट गेली. सेन्सर ओरडून सांगत असेल, पण ऐकणाऱ्या मोटरीला वीजच नाही. कापड शिडासारखं फुगलं होतं. मी दांडा काढला, कडीत अडकवला आणि फिरवत राहिले. मोटरीच्या आतल्या गिअरमुळे हँडल खूप वेळा फिरवावं लागतं, पण जोर फारसा लागत नाही. ऑनिंग मिटलं. त्यानंतर मोटरीची लाईन इन्व्हर्टरवर घेतली. इलेक्ट्रिशियननं आधी इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे याची खात्री केली, कारण स्क्वेअर वेव्हवर अशा मोटरी गुणगुणतात आणि तापतात. तरी दांडा दारामागे टांगलेलाच आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेबाराला सूर्य डोक्यावर येतो, तोवर आणि पुढे चारपर्यंत ऑनिंग उत्तम काम करतं. पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो आणि दोन मीटर पुढे आलेल्या कापडाच्या खालून ऊन दाराच्या निम्म्यापर्यंत आत येतं. पश्चिमेच्या संध्याकाळच्या उन्हाला आडवं नाही, उभं कापड लागतं. तिथं आम्ही साधा बांबूचा चिक सोडला, दोरीनं ओढायचा.

झालेला खर्च मला मान्य आहे, कारण आता ऑनिंग रोज गरजेप्रमाणे उघडतं आणि मिटतं. पूर्वी ते आमच्या सोयीप्रमाणे उघडं किंवा मिटलेलं असायचं. तुम्ही घेणार असाल, तर रिमोट किती चॅनेलचा, मोबाइलवर चालतो का, हे नंतर विचारा. आधी दुकानदाराला विचारा, लाईट गेल्यावर हे मिटवायचं कसं? त्यानं मोटरीची कडी दाखवून हातात हँडल दिलं, तरच पैसे द्या.