आजीच्या खोलीला दोन दारं

घर बांधताना बराचसा पैसा जमिनीत जातो आणि तो पाहुण्यांना दाखवता येत नाही. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या गावात तर काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोदायचं. सुरुवातीला पप्पा व्हॉट्सॲपवर नुसते खड्ड्यांचे फोटो पाठवायचे. पुण्यात माझे रूममेट विचारायचे, "विहीर पाडताय का?"

जुनं घर माळवदाचं होतं. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खण, त्यावर मातीचा थर. भर उन्हाळ्यात आत गारवा. अशा घरांचे रील आता कौतुकाने फिरतात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच घरांखाली माणसं गाडली गेली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. भिंतींचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते फाकले आणि वरची माती खाली आली. जवळपास १०,००० माणसं गेली.

आमचं घर तडे जाऊन उभं राहिलं. त्या रात्रीपासून आजी अंगणात झोपते. थंडीत दोन गोधड्या, पावसात ओसरी. माझा जन्म नंतरचा. अंगणात तुळस असते तशी आजीची खाट असते, एवढंच मला माहीत होतं.

नवीन घराच्या भिंती सहा इंची. आजीने वीत लावून पाहिली.

"एवढ्याशा भिंतीवर छत राहतंय का रे?"

"माय, भिंतीवर वजनच नाही. सगळा भार खांबावर."

आजी काही बोलली नाही. पप्पा मात्र त्या दिवसापासून खांबांच्या मागे लागले. उभ्या सळयांभोवती रिंगा असतात. त्यांची टोकं नुसती काटकोनात वळवली तर भूकंपात उघडू शकतात. ती १३५ अंशांत, आतल्या बाजूला वळवावी लागतात. खांब आणि बीमच्या जोडाजवळ रिंगा जास्त दाट हव्यात. पप्पा टेप घेऊन एकेक मोजायचे. मिस्त्री वैतागला.

"सर, हे सगळं काँक्रीटमध्ये जाणार. नंतर कोण बघणारंय?"

"म्हणून तर आत्ता बघतोय."

मग पाण्याचा प्रश्न. काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. आणि आमचा जिल्हा म्हणजे २०१६ साली ज्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो. टँकर मागवला. खांबांना गोणपाट गुंडाळलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आजीने कुणाला न विचारता घेतलं. तांब्या घेऊन प्रत्येक खांबापाशी जायची, गोणपाट दाबून बघायची. ज्या घरावर तिचा विश्वास नव्हता, त्याचे खांब तिनेच पक्के केले.

नकाशा एकदाच बदलला. आजीच्या खोलीला आत उघडणारं एकच दार होतं. मम्मीने पेन्सिलीने दुसरं काढलं, थेट अंगणात उघडणारं. इंजिनिअर म्हणाला, कपाटाची जागा जाते. मम्मी म्हणाली, जाऊ द्या. मला आधी वाटलं होतं, मजबूत घर बांधलं की भीती आपोआप जाईल. मम्मीने ती जाईल असं धरलंच नाही. तिच्यासाठी दार ठेवलं.

दार बसवताना आजीने सुताराला एकच गोष्ट सांगितली: कडी अशी लाव, की अंधारात खाटेवरून हात पुरला पाहिजे.

म्हणजे खाट आत येणार, असं आम्ही आपापल्या मनात समजून घेतलं. विचारलं कुणीच नाही. गिलावा झालाय, फरशी यायचीय. तोपर्यंत ती अंगणातच झोपतेय, फक्त खाट आता नव्या दारासमोर टाकते.