शिरढोणचा वीर आणि आमचा चातुर्मास



ऑगस्ट महिना आमच्या घरी दुहेरी गडबडीचा असतो. एकीकडे चातुर्मास. पालेभाज्या बंद, पाणी गाळून उकळलेलं, आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची ताटं वाढायची. त्यात पनवेलचा पाऊस! संध्याकाळी असं काही दाटून येतं की सूर्य मावळला की नुसता ढग आला, हे घड्याळात बघूनच ठरवावं लागतं. दुसरीकडे शाळेत पंधरा ऑगस्टची तयारी. पांढरा ड्रेस शोधा, भाषण पाठ करून घ्या, कुणाला पेटीवर सूर द्या.

या वर्षी लेकीच्या वाट्याला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके आले. वेशभूषा करायची आणि पाच मिनिटं बोलायचं. पनवेलच्या मुलांना हे नाव नवीन नाही. नाटक बघायला जायचं ते फडके नाट्यगृहात, आणि गोवा महामार्गाने कर्नाळ्याकडे निघालं की वाटेत त्यांचं शिरढोण लागतं. लेक खूश होती. पुठ्ठ्याची तलवार करून तिला चांदीचा कागदही लावून झाला होता.

सासूबाईंनी ती तलवार पाहिली आणि जपमाळ बाजूला ठेवली. "चातुर्मासात पोरीच्या हातात तलवार कशाला गं?"

मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "आजी, आपण मुंगीसुद्धा मारत नाही. मग फडक्यांना हार घालतो ते चुकीचं आहे का?"

प्रश्न अकरा वर्षांच्या मुलीचा, पण उत्तर द्यायला आम्हा दोघींना चांगले चार दिवस लागले. कारण नुसतं "ते देशासाठी होतं" म्हणून सोडून दिलं, तर उद्या ती विचारेल की मग अहिंसा फक्त स्वयंपाकघरातच पाळायची का? आणि "हो, ते चुकीचंच" म्हटलं, तर ज्या मातीत राहतो त्या मातीशी आपण खोटं वागलो.

आधी मी तिला माणूस सांगितला. ४ नोव्हेंबर १८४५ चा शिरढोणचा जन्म. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. वासुदेव मात्र पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून. आई आजारी पडली, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि पोचेपर्यंत आई गेलेली. पुढे १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला. माणसं अन्नावाचून मरत असताना सरकार कसं वागतं हे त्यांनी फिरून पाहिलं. लहुजी वस्तादांच्या तालमीत शस्त्रविद्या शिकलेला हा कारकून रामोशी, कोळी, धनगर अशा माणसांना घेऊन १८७९ मध्ये सरकारविरुद्ध उभा राहिला. त्याच वर्षी जुलैत पकडला गेला. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा झाली काळ्या पाण्याची, एडनला. तिथूनही कोठडीचं दार बिजागऱ्यांतून काढून हा माणूस पळाला, पुन्हा पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारला. वय अवघं सदतीस. घरापासून समुद्रापलीकडे.

लेक म्हणाली, "म्हणजे ते चांगलेच होते."

पण मला अर्धी गोष्ट सांगायची नव्हती. बंडाला पैसा लागतो, आणि तो त्यांनी धनिक-सावकारांच्या घरांवर दरोडे घालून उभा केला. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक मे १८७९ मध्ये कोकणात उतरला आणि पळस्प्याला लूट केली. पळस्पे म्हणजे आपलंच. रोज ज्या पळस्पे फाट्यावर आपण बसची वाट बघतो, तेच. ज्यांची घरं लुटली, त्या घरांतही बायका-मुलं होतीच. आपण व्यापारी समाजाचे. त्या रात्री आपण त्या घरात असतो, तर आज हार घातला असता का? हा विचार मला आला आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही.

इथे सासूबाई मदतीला आल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण स्वाध्याय चाळीस वर्षांचा. त्यांनी नातीला समोर बसवून चार बोटं मोजली. आपल्या शास्त्रात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिली आरंभी, म्हणजे चूल पेटवताना, केर काढताना, दळताना होते ती. दुसरी उद्योगी, म्हणजे शेती-व्यापार करताना होते ती. तिसरी विरोधी, म्हणजे स्वतःचं, कुटुंबाचं, गावाचं, देशाचं रक्षण करताना होते ती. आणि चौथी संकल्पी. मारायचं म्हणून मारणं, मनात ठरवून एखाद्या जिवाला दुखावणं. मुनी महाराज चारही सोडतात. गृहस्थाने चौथी पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करत जायच्या.

"म्हणून तर श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवणारा चामुंडराय सेनापती होता," त्या म्हणाल्या. "सेनापती असून तो श्रावकच राहिला."

"मग लूट कशात येते, आजी?"

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "परकीय सत्तेशी लढले ते विरोधी. लूट मात्र त्यात बसत नाही, बाळा. ती वेगळी."

मला हे उत्तर फार आवडलं. आपला वीर आहे म्हणून त्यांनी शास्त्र वाकवलं नाही, आणि शास्त्र आहे म्हणून वीराला हाकलूनही दिलं नाही.

त्याच बैठकीत पनवेलचं दुसरं नाव निघालं, हुतात्मा हिरवे गुरुजी. १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात आपल्या गावच्या या गुरुजींनी प्राण दिले. हातात शस्त्र नाही, समोर पोर्तुगीजांच्या बंदुका. एकाच तालुक्याने शस्त्र घेतलेला वीर दिला आणि शस्त्र न घेतलेलाही. लेकीला हे ऐकून फार नवल वाटलं. "न मारता पण लढता येतं?" असं तिने दोनदा विचारलं.

मग माझं माहेर कसं मागे राहील? मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात, आणि कुंभोजच्या बाहुबलीची यात्रा आमच्या लहानपणाचा मोठा सण. त्याच कुंभोजला एका जैन शेतकरी घराण्यात २२ सप्टेंबर १८८७ ला कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानत, त्या काळात! त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना आईसारखं जेवू घातलं. घरात दाणा उरला नाही तेव्हा अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. आपण दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी प्रवचन ऐकतो. लक्ष्मीबाईंनी तो धर्म भाताच्या पातेल्याशी उभं राहून पाळला. आपल्या पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालयही रयतचंच. तिथे शिकून नोकरीला लागलेली आगरी-कोळी-आदिवासी घरांतली मुलं पाहिली की मला लक्ष्मीबाईंचं ते मंगळसूत्र आठवतं.

आणि संगीत! तुम्हाला ठाऊकच आहे, माझी संध्याकाळ सामायिकानंतर तानपुऱ्याशिवाय पुरी होत नाही. माझ्या माहेरच्या मुलखातलंच कुरुंदवाड हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचं जन्मगाव, साल १८७२. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी जवळजवळ गेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पण संस्थानिकांच्या पदरी गवई म्हणून राहायचं त्यांनी नाकारलं आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. तेही लोकांच्या पैशावर. गाणं दरबारातून आणि कोठ्यावरून काढून चांगल्या घरच्या मुलीबाळींच्या हाती त्यांनी दिलं. आज माझी लेक 'प्रवेशिका प्रथम'च्या परीक्षेचा अर्ज भरते, ती परीक्षा त्यांच्या शिष्यांनी पुढे स्थापन केलेल्या मंडळाचीच, आणि त्या मंडळाची इमारत इथे जवळ वाशीला आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाणारे तेच, आणि गांधीजींच्या प्रार्थनेतली रामधून घराघरांत पोचवणारेही तेच. त्यांच्या हातात तंबोरा होता. पण ज्या हजारो माणसांनी ते सूर ऐकले, त्यांच्या मनातली भीती तेवढी कमी झालीच असेल.

हे सगळं सांगून झाल्यावर लेकीने मला चांगलंच पेचात पकडलं. "आई, यात सगळ्यात मोठं कोण?"

मी तिला णमोकार मंत्र म्हणायला सांगितलं. तिने म्हटला. मी विचारलं, "यात कुणाचं नाव आलं?" ती थांबली. पुन्हा मनात म्हणून पाहिलं. नाव नाहीच! ना ऋषभदेवांचं, ना महावीरांचं. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू. नमस्कार आहे तो त्या पदाला, त्या गुणांना. आपला सगळ्यात मोठा मंत्र माणसाची पूजा शिकवत नाही, गुण ओळखायला शिकवतो.

वीरांकडेही असंच बघावं असं मला वाटतं. फडक्यांची निर्भयता आणि उपाशी माणसाबद्दलची तळमळ, त्यांना नमस्कार. पळस्प्याच्या लुटीला नाही. हिरवे गुरुजींच्या धैर्याला, लक्ष्मीबाईंच्या त्यागाला, पलुसकरांच्या तपाला नमस्कार. कुणाला देव करून डोक्यावर घ्यायला नको आणि एका डागासाठी कुणाला पायदळी तुडवायलाही नको. अनेकांतवाद म्हणजे तरी दुसरं काय? तो प्रवचनात ऐकायला सोपा असतो, पण स्वतःच्या गावच्या माणसाला लावून बघायची वेळ आली की कळतो.

आता तलवारीचं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही फोन करून विचाराल. ती सासूबाईंनी मोडली नाही आणि मीही लपवली नाही. लेकीनेच ठरवलं. तिने फडक्यांच्या तरुणपणाऐवजी एडनच्या कोठडीतले फडके घेतले. हातात साखळी, अंगावर जुनी चादर. शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं: "मला फडक्यांसारखं शूर व्हायचं आहे, पण माझ्यामुळे कुणाच्या घरात रात्री भीती वाटू नये." बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं, झाशीच्या राणीला. पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी सूर्यास्ताआधी घाईघाईने नातीसाठी रव्याचा शिरा केला, यातच आम्हाला आमचं बक्षीस पोचलं.

तुमच्याही घरी मुलं असे प्रश्न विचारत असतील. त्यांना गप्प करू नका. घरात आजी असेल तर तिलाही जवळ बसवा. आणि पावसाळा ओसरला की मुलांना घेऊन एकदा शिरढोणला जाऊन या. पनवेलहून फार लांब नाही. डबा मात्र घरचाच न्या!

जय जिनेंद्र.