खोडलेला ‘यू’

मुलांनो, लाल पेन हातात असलं की आम्हां शिक्षकांना चुका जरा जास्तच दिसतात. माझंच बघा ना. वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी चौथीतल्या एका मुलीनं अंतराळयानाचं चित्र काढलं आणि खाली इंग्रजीत ‘एन्डेव्हर’ असं नाव लिहिलं. यान अमेरिकेचं, म्हणजे स्पेलिंगही अमेरिकन हवं, असं म्हणत मी शेवटच्या ‘आर’आधीचा ‘यू’ खोडला. ती हळूच म्हणाली, ‘‘बाई, यानावर ‘यू’ आहे.’’ तिच्या वहीत फोटोचं कात्रण होतं. खरंच होता की!

मग मी शोध घेतला. १९८६ साली ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका होत्या. त्या यानाच्या जागी जे नवं बांधलं, त्याचं नाव अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी स्पर्धेतून सुचवलं. कॅप्टन कुक १७६८ साली ज्या इंग्रजी जहाजातून निघाला, त्याचं हे नाव. म्हणून ‘यू’सकट!

‘एन्डेव्हर’ हे क्रियापदही आहे. चेंडू झेलायचा आपण ‘ट्राय’ करतो. पण चिकाटीनं, झटून करायच्या प्रयत्नाला ‘एन्डेव्हर’ शोभतं. बोलण्यात ते कमी, औपचारिक पत्रात जास्त. ‘‘स्वतःला कर्तव्याला जुंपणे’’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्प्रचारातून ते आलं. त्यातला ‘कर्तव्य’ हा शब्द फ्रेंचांचा. गंमत म्हणजे आजच्या फ्रेंच मुलांचा गृहपाठसुद्धा त्याच शब्दानं ओळखला जातो!

मॅकऑलिफ यांना काही अडचण आली तर त्यांच्याऐवजी जायला आणखी एक शिक्षिका तयार होत्या. बार्बरा मॉर्गन, प्राथमिक शाळेच्या. अपघातानंतर त्या आयडाहोमधल्या आपल्या शाळेत परत शिकवू लागल्या. १९९८ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्या अंतराळात गेल्या, ‘एन्डेव्हर’मधूनच. त्या उड्डाणाच्या तयारीत तळावर लावलेल्या फलकात नासाच्या माणसांनीही ‘यू’ गाळला होता. (मला तेवढाच दिलासा!)

हे वर्गात सांगितलं, तर ती मुलगी म्हणाली, ‘‘बाई, म्हणजे एकवीस वर्षं?’’

मी तिच्या हातात निळं पेन दिलं. तिनं ‘यू’ परत लिहिला, आधीपेक्षा मोठा.